नाताळची तयारी भाद्रपदात

(आगमनकाळात हितचिंतकांच्या मेळाव्यात एका धर्मभगिनीने केलेले भाषण)



तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर नाताळची तयारी सुरू झाली आहे. भाताची झोडणी आटोपली. बायका कुडाच्या भिंती शेणामातीने सारवत आहेत. मुलगे बांबूच्या कामट्या तासून चांदण्या बांधत आहेत. गव्हाणीसाठी पेंढा विकत आणावा लागत नाही, तो खळ्यावर पडलेलाच असतो. संध्याकाळी गाण्यांचा सराव चालतो.

या भागात मी नवी होते, तेव्हा मीही एवढेच पाहिले होते. नाताळच्या नाटुकल्यासाठी यादी केली: मरिया, योसेफ, चार मेंढपाळ, तीन देवदूत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरावाला गेले, तर निम्मी मुले नाहीत. मरिया होणाऱ्या मुलीच्या झोपडीला झाप लावलेली. शेजारच्या आजी तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, कुणाची वाट बघता? ती भट्टीवर गेली. आता पावसालाच येतील."

असे का होते? आमच्याकडची बरीचशी शेती पावसावरची, एका पिकाची. मागच्या वर्षीचे धान्य आषाढ-श्रावणात संपते आणि नवे भात दिवाळीच्या सुमाराला हाती येते. मधल्या दिवसांत घरात आजारपण आले, नाहीतर नुसती चूल पेटवायची म्हटली, तरी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. दिवाळी झाली की ती फेडायला मुलाबाळांसह घर निघते. कुणी भिवंडी, वसई, वाड्याकडे जाते, कुणी गुजरातेत. मजुरी हजार विटांमागे. हातात मिळते ती आठवड्याची खर्ची, आणि हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. उचल अंगावर असताना सणाला घरी जातो म्हणायची सोय नसते. कर्जापोटी माणसाला वेठीला धरणे १९७६ च्या कायद्याने बंद झाले आहे. पण रिकाम्या कणगीसमोर तो कायदा कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी नाताळनंतर दोन दिवसांनी आम्ही ती भट्टी शोधत गेलो. कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटांना तिथे भोंगा म्हणतात. थापणीचे काम पहाटे अंधारातच सुरू होते. आई-बाप विटा थापत होते आणि आमची मरिया आदल्या दिवशीच्या विटा वाळायला उलटवत होती. मला पाहून ती उभी राहिली. काही न विचारता तिने आपली सगळी वाक्ये म्हणून दाखवली. एकही चुकली नाही.

लूकच्या शुभवर्तमानात तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता पहिल्यांदा मेंढपाळांना मिळाली. ते रात्री कामावर जागे होते. हा भाग मी अनेकदा वाचला होता. त्या पहाटे तो मला कळला.

तुम्ही डिसेंबरमध्ये कपडे, केक, खेळणी पाठवता. मुले आनंदतात, आम्ही ऋणी आहोत. आज माझे एकच मागणे आहे. त्यातला थोडा वाटा भाद्रपदात पाठवा. तेव्हा पोतेभर तांदूळ घरात असला, तर एखाद्या घराची उचल टळते. काही पाड्यांवर बायकांनी धान्यकोश सुरू केला आहे. कापणीनंतर प्रत्येक घर थोडे भात त्यात टाकते. पावसाळ्यात ज्याला गरज असेल तो नेतो आणि सुगीला परत करतो. कोश लहान आहे, सगळ्यांना पुरत नाही. तो भरायला हातभार लावा. विहिरीला पाणी राहिले, तर भातानंतर वाल, हरभरा, भाजीही होते आणि माणूस गावात टिकतो. त्यासाठीही मदत हवी आहे.

यंदाच्या यादीत मी चौदा मुले लिहिली होती. काल निघण्यापूर्वी सराव घेतला, तेव्हा अकरा होती. पहिल्या वर्षीपेक्षा हे पुष्कळ बरे. पण तीन मेंढपाळ अजून कमी आहेत.

तुम्हा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. भाद्रपदात आमची आठवण ठेवा.