ड्रॅगनने निवडलं, पण लेसाला कुणी विचारलं का?

हेडफोन लावलेत ना? आज पुस्तकाचा भाग आहे. ॲन मॅकॅफ्री या लेखिकेची ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही 1968 सालची कादंबरी. आधीच सांगते, मी शेवटसुद्धा सांगणार आहे. ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबलात तरी मी रागावणार नाही.

‘एरागॉन’ किंवा ‘फोर्थ विंग’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ड्रॅगन एका माणसाला निवडतो आणि दोघं मनातल्या मनात बोलतात, ही कल्पना तिथे आहे ना? मॅकॅफ्रीने ती कितीतरी आधी रंगवली होती. या कादंबरीचा पहिला भाग 1967 मध्ये ‘ॲनालॉग’ मासिकात आला आणि पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी ह्यूगो मिळवणारी ती पहिली स्त्री.

गोष्ट घडते पर्न नावाच्या ग्रहावर. तिथे आकाशातून चंदेरी धागे पडतात आणि जिवंत असेल ते सगळं खाऊन टाकतात. ड्रॅगन आग ओकून ते धागे हवेतच जाळतात. पण चारशे वर्षं धागे पडलेलेच नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं, या ड्रॅगनवाल्यांना फुकट कशाला पोसायचं?

आपली नायिका लेसा. फॅक्स नावाच्या सरदाराने तिचं घराणं कापून काढलं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढची दहा वर्षं ती स्वतःच्याच गढीत मोलकरीण म्हणून राबते, अंगावर मळ, डोक्यात फक्त सूड. तिला जीव लावणारा एकच प्राणी, दारावरचा कुरूप राखण्या. फ्लार हा ड्रॅगनस्वार तिला धरतो तेव्हा राखण्या त्याच्यावर झेप घेतो. लेसा ओरडते, ‘मारू नकोस!’ तिचा शब्द पाळायला तो झेप मध्येच वळवतो आणि त्यातच मरतो. मी इथे पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

मग ती ड्रॅगनांच्या वसाहतीत जाते. अंडं फुटतं, सोनेरी राणी बाहेर येते, धडपडत लेसाकडे बघते आणि स्वतःचं नाव सांगते, रामोथ. दहा वर्षं एकट्या असलेल्या मुलीला कळतं की आता कायमचं कोणीतरी आपलं आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलला होते. नवीन शहर, खोलीत तिघी, त्यातल्या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मला रामोथ हवी होती, बास! कुणीतरी मला न बोलता ओळखावं, एवढंच.

यंदा परत वाचलं आणि वेगळ्याच जागी अडकले. मधल्या काळात माझी अशी एक मैत्री होऊन गेली, जिथे समोरची व्यक्ती ‘मला माहितीये तुला काय हवंय’ म्हणत सगळं ठरवायची. कपडे, कोर्स, कुणाशी बोलायचं ते. मला ते प्रेमच वाटायचं.

तर, रामोथ पहिल्यांदा मिलनासाठी उडते तेव्हा तिच्या भावनांची लाट लेसावरही येते. रामोथचा जोडीदार फ्लारचा ड्रॅगन, म्हणून लेसाचा जोडीदार फ्लार. हे असं होणार, हे लेसाला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे फ्लार चिडला की तिला धरून हलवतोसुद्धा. हॉस्टेलमध्ये मी हे रोमँटिक म्हणून वाचलं होतं. आता नाही वाचता आलं. ‘जुनं पुस्तक आहे, सोडून दे’ असं म्हणता येतं, पण मला ते सोडायचं नाहीये.

कारण याच पुस्तकात शेवटी लेसा स्वतः ठरवते. धागे परत पडायला लागतात आणि ड्रॅगन पुरत नाहीत, कारण सहापैकी पाच वसाहती रिकाम्या आहेत. ड्रॅगन एका जागेवरून दुसरीकडे जाताना एका थंडगार, हवा नसलेल्या पोकळीतून जातात. त्याच वाटेने काळातही मागे जाता येतं, हे लेसाला कळलेलं असतं. ती कुणालाही न विचारता रामोथवर बसते आणि चारशे वर्षं मागे जाते. मरता मरता वाचते. आणि त्या पाच वसाहतींना सोबत घेऊन परत येते! त्या रिकाम्या का होत्या, ते तेव्हा उलगडतं.

या बंधाची किंमतही मॅकॅफ्री लपवत नाही. स्वार मेला की ड्रॅगन त्या पोकळीत जातो तो परत येत नाही. आणि ड्रॅगन मेला तर? लिटोल नावाचा एक माणूस आहे, ड्रॅगन गेल्यावर विणकामाकडे वळलेला. तो जगतो, काम करतो, जबाबदारी घेतो. पण तो प्रसंगात आला की मला प्रत्येक वेळी गलबलून येतं.

मला अजूनही रामोथ हवीय, खोटं कशाला बोलू? फक्त आता तिच्याबरोबर ती न विचारता घेतलेली झेपही हवीय. मी त्या मैत्रीतून बाहेर पडले तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. घाबरले होते, पण पडले.

तुम्ही लहानपणी आवडलेलं एखादं पुस्तक परत वाचून असे अडकलात का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. काळजी घ्या, भेटूच!