दृष्टिपटलातील अवरुद्ध रक्तवाहिन्या : निदान आणि त्यापुढचे
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



नेत्रविभाग म्हटला की मोतीबिंदूच आठवतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचाही भर दीर्घकाळ त्यावरच होता. आज मात्र आम्ही एका निराळ्या व्याधीविषयी बोलणार आहोत.

दृष्टिपटलाची रक्तवाहिनी अडली की बहुधा एकाच डोळ्याची दृष्टी अचानक मंदावते, आणि दुखत मात्र काहीच नाही. हे न दुखणेच घातक. दुसरा डोळा काम भागवतो, डोंबिवलीची सकाळची लोकल चुकत नाही आणि ‘नंबर बदलला असेल’ असे म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो.

बाहुली रुंदावणारे थेंब घालून डॉक्टर प्रथम पडदा पाहतात. त्यासाठीचे यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये, म्हणजे ठाण्याला आगगाडी येण्याच्या दोन वर्षे आधी सिद्ध केले. शीर अडली असल्यास रक्तस्रावाचे ज्वालेसारखे डाग दिसतात. धमनी अडली असल्यास पडदा फिकट पडून मध्यभागी लाल ठिपका उठून दिसतो. पडद्यावरील सूज ओसीटी यंत्र सुईविना मोजते. गरज भासल्यास हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन देऊन छायाचित्रे घेतात. त्यानंतर दिवसभर लघवी पिवळी होते. आप्तांनी घाबरू नये. रक्तदाब, साखर व चरबीची तपासणी मात्र टाळू नये, कारण मूळ पुष्कळदा तेथेच असते.

धमनीचा अडथळा हा डोळ्याचा पक्षाघातच होय. काही तासांत कायमची हानी होते आणि मेंदूलाही धोका संभवतो. अशा वेळी उद्याची वाट न पाहता पक्षाघातावर उपचार करणारे रुग्णालय गाठावे.

शिरेच्या अडथळ्यात सूज आल्यास डोळ्यात इंजेक्शने देतात, तीही अनेक महिने, पुन्हा पुन्हा. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, म्हणून स्पष्टच बोलतो : यंत्रावर नामफलक लागतो, सुईवर लागत नाही. निदानासाठी देणगी मिळते. चौथ्या खेपेच्या इंजेक्शनासाठी मिळत नाही. मुरबाड-शहापूरहून येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोजही बुडतो, आणि थोडे दिसू लागताच तो येईनासा होतो. सूज मात्र परतते. यंदाच्या देणगीपत्रकात या इंजेक्शनांसाठी व प्रवासखर्चासाठी आम्ही स्वतंत्र रकाना ठेवला आहे.