डब्यावर नव्हे, ताटाबरोबर मोजा



डॉक्टरांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मधुमेहाच्या नव्या औषधांचा आढावा मी घ्यावा अशी अपेक्षा होती. तो सकाळच्या सत्रांत पुरेसा झाला. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती कित्येक वर्षं मनात साचली आहे.

आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत ‘मधुमेहींसाठी खास’ असं छापलेले प्रोटीन पावडरीचे डबे मांडलेले असतात. रुग्ण डबा नेतो, दोन तासांनी एकदा बोट टोचतो, आकडा बरा दिसला की निर्धास्त होतो. आपणही मान डोलावतो. याला मोजमाप म्हणायला माझा सक्त विरोध आहे.

मघाशी वाद रंगला की या पावडरींतल्या व्हे प्रथिनाने साखर उतरते की चढते. माझ्याकडे देवबागचा एक रापणकर येत असे. “पावडरीन साखर बरी उतारली मा, डॉक्टरानु,” असं कौतुकाने सांगे. एका पहाटे ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन, पेजेऐवजी पाण्यात पावडर ढवळून तो रापणीचं जाळं ओढायला गेला आणि घामाघूम होऊन वाळूत बसला. साखर फार खाली गेली होती. ती उतरवली गोळीने, चुकलेल्या पेजेने आणि अंगमेहनतीने. श्रेय मिळत होतं डब्याला. त्याच सुमारास एक बाई तशीच पावडर दुधात केळं कुस्करून घेत. दोन तासांचा आकडा ठीक, पण तासाभराने पाहिलं तर साखर भलतीच चढलेली. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

जेवणाआधी घेतलेल्या व्हेमुळे इन्सुलिन लवकर स्रवतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि मागून येणाऱ्या भाताची साखर हळू चढते, हे खरं. पण डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ‘शुगर फ्री’ छापूनही साखर चढणारच.

म्हणून मोजायचंच तर नीट मोजा. तोच रुग्ण, तीच गोळी, तोच उकड्या तांदळाचा भात, तेच बांगड्याचं तिखलं. एक दिवस पावडरीसह, एक दिवस तिच्याविना. उपाशीपोटी, अर्ध्या तासाने, मग एक, दोन आणि तीन तासांनी. आणि हे सगळं पुन्हा एकदा, कारण ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. १६० आणि १८० यांतला फरक निव्वळ यंत्राचाही असू शकतो!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळलं. तेरेखोल खाडीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, आपलंही ताट मासे-भाताचंच आहे. तरी डब्याची चर्चा रोज होते आणि कुळथाच्या पिठीने साखर किती चढते, हे तपासावंसं कुणाला वाटत नाही. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. दर महिन्याला डब्यासाठी बांगडा-तारलीचे पैसे मोडणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे तळमळीने बोलतो आहे.

ओरोसचं वैद्यकीय महाविद्यालय आणि आपण गावोगावचे डॉक्टर मिळून हे मोजमापाचं काम हाती घेऊ शकतो. तपशील पुढे बसून ठरवू. तोवर एवढंच मागतो: रुग्णाच्या स्वतःच्या ताटाबरोबर जी पावडर मोजलेली नाही, तिचं नाव चिठ्ठीवर लिहू नका.