चेंडू साथीदाराकडे द्या



आपला परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक पटकावले. चेंडू न पळवता ताबडतोब साथीदाराकडे द्यायचा, किंवा फक्त कमजोर पायानेच खेळायचे, असे सामने ते भरवीत.

तेच मी आपल्या मुलांत करून पाहिले. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू अलगद थोपवा, मान वर करा, द्या. आमचा पटाईत खेळाडू पहिल्या दिवशी रुसलाच! पण एरवी ज्याच्याकडे चेंडू कधी येतच नसे, तो मुलगा घामाघूम झाला. त्याच्या वडिलांना विनंती: शनिवारी तासभर त्याला मैदानावर राहू द्या. राहिलेले गणित मी सोमवारी करून घेईन.