घोरणे आणि महामार्ग



पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या हद्दीत शिरणाऱ्या 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर,
कापसाच्या गाठी वाहणाऱ्या आपल्या ट्रकचालक बांधवांविषयी
आज दोन शब्द.

अखंड बैठक, धाब्यावरची तेलकट तर्री आणि अपुरी निद्रा यांमुळे पोट सुटते;
मेद मानेभोवतीही साचतो,
निद्रेत श्वासमार्ग आकुंचित होतो,
घोरता घोरता श्वास क्षणभर थांबतो,
आणि दिवसा, स्टिअरिंग हाती असतानाच, डोळा लागतो.
हा आळस नव्हे, विकार आहे.
पुन्हा सांगतो, हा विकार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

घरच्या मंडळींनो,
चालक मोठ्याने घोरत असेल, गुदमरून जागा होत असेल,
तर त्यास आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात अवश्य न्यावे;
रक्तदाब आणि साखरही तपासून घ्यावी.
शिदोरीत ज्वारीची भाकरी बांधून द्यावी.