पुन्हा पुन्हा मिटणारे फुफ्फुस



देवास म्हटले की मराठी रसिकाला कुमार गंधर्व आठवतात. १९४८ साली क्षयाने पीडित होऊन ते माळव्याच्या कोरड्या हवेत राहावयास आले. त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला आणि ते पुन्हा गाऊ लागले. अशी औषधे येण्यापूर्वी क्षयी फुफ्फुसास विसावा मिळावा म्हणून डॉक्टर छातीत सुईने हवा भरून ते मुद्दाम मिटवीत असत. आज बोलावयाचे आहे ते आपोआप मिटणाऱ्या फुफ्फुसाविषयी.

फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये आवरणांची एक चिंचोळी पोकळी असते. तीत हवा शिरली की फुफ्फुस आक्रसते. एकाएकी छातीत कळ येते, धाप लागते, कधी खांदा दुखतो. क्ष-किरण चित्रात हे सहसा दिसून येते. छातीत नळी घालून तिचे टोक पाण्याखाली ठेवले की कोंडलेली हवा बाहेर पडते आणि फुफ्फुस पुन्हा फुलते.

परंतु काही तरुण स्त्रियांत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. मासिक पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत, आणि बहुधा उजव्या बाजूस. १९५८ साली मॉरर प्रभृती अमेरिकन डॉक्टरांनी हा संबंध प्रथम नोंदविला. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी छाती व पोट यांमधील श्वासपटलावर रुजतात आणि पाळीच्या वेळी तेथे बारीक छिद्रे पडतात, असे मानले जाते.

अशा वेळी नुसती नळी पुरत नाही. फासळ्यांमधील लहान छेदांतून दुर्बीण घालून शल्यविशारद छिद्रे शिवतात, रोगट भाग काढतात आणि फुफ्फुस छातीच्या भिंतीस चिकटून राहावे म्हणून आवरण खरवडतात किंवा तेथे शुद्ध शंखजिऱ्याची पूड टाकतात. एवढ्यानेही दुखणे उलटू शकते. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने काही महिने संप्रेरकांचे औषध देतात.

आपल्याकडे छातीचे दुखणे म्हटले की प्रथम क्षयाचा संशय येतो, आणि तो तपासलाच पाहिजे. परंतु थुंकीत जंतू नाहीत, औषधाने गुण नाही आणि धाप मात्र दर काही महिन्यांनी उलटते आहे, असे असेल तर पाळीच्या तारखा पाहाव्यात. ही गोष्ट डॉक्टर नेहमी विचारतीलच असे नाही, आणि सून किंवा लेक संकोचाने सांगत नाही. त्या मौनात वर्षे जातात.

धारहून इंदूर सुमारे साठ किलोमीटर, देवासहून त्याहून जवळ. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी तेथवर जाता येते. पण धाप एकाएकी वाढली तर प्रथम जवळचे रुग्णालय गाठावे. आणि माताभगिनींनो, त्रास केव्हा झाला आणि पाळी केव्हा आली, या दोन तारखा एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवण्यात लाज नाही. निदानाची वाट तेथूनच सुरू होते.