रैनबसेऱ्याकडे कोण पाहतो?

(उत्सवातील भाषणाचा सारांश)



दिल्लीत आपल्यापैकी बहुतेकांनी भाड्याच्या एका खोलीपासून सुरुवात केली. ज्यांना तीही परवडत नाही, त्यांच्यासाठी इथे रैनबसेरे आहेत. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला. न्यायालयाने दखल घेतली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली आणि २०१८ मध्ये राज्याराज्यांत देखरेख समित्या नेमायला लावल्या.

समित्या झाल्या, पण रात्री दहाला तिथे जाऊन पाहतो कोण? केंद्राच्या बेघर निवारा योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरली होती. म्हणजे आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोघेच! फलकावर लिहिलेली क्षमता आणि खोलीची लांबी-रुंदी, एवढ्यावर हिशेब कोणालाही करता येतो.

थंडीत ब्लँकेटे वाटणारे पुष्कळ, आपणही वाटतो. पण मे महिन्यात पंखा फिरतो का, बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते ब्लँकेटपेक्षा हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

मंडळातील चौघांनी महिन्यातून एकदा जावे, हजेरीची वही पाहावी. चालवणाऱ्या संस्थेला किती पैसे मिळाले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. अर्जाचा मसुदा मी आणला आहे. कार्यक्रमानंतर चिटणिसांकडे मिळेल.